काठी जागच्या जागी

लुखोमा, ३ ऑगस्ट १९८४

चि. व्हेन्यास कापाताईचे पोटभर आशीर्वाद. उस्तीन्यामावशीचा नमस्कार, तिच्या दोन्ही सुनांचा नमस्कार, वासरांच्या गोठ्यातल्या सगळ्या बायकांचा नमस्कार. बोक्यानेही आत्ताच कागदावर पाय दिला आहे, त्याचाही घे.

एवढं हसून घेतलं, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही. आपल्या घरात चोरी झाली. आईचं संत निकोलाचं देवचित्र गेलं.

गवतकापणीच्या दिवसांत सगळं गाव वरच्या कुरणांवर राहायला जातं, ते तुला काय सांगायचं. निघताना मी नेहमीसारखी दाराला काठी टेकवली. परत आले तर काठी जागच्या जागी. जाड टोक खाली, बारीक टोक कडीत, आपल्याकडे लावतात अगदी तशी. आत गेले, पाय धुतले, चहाचा समोवार पेटवला आणि मग कोपऱ्याकडे नजर गेली. पडद्यामागे नुसती भिंत.  चर्चचं धान्यकोठार केलं तेव्हा आईने ते देवचित्र परकराखाली बांधून घरी आणलं होतं. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली होती, की कापा, याला घराबाहेर जाऊ देऊ नकोस. मी हो म्हटलं होतं.

मला रडूसुद्धा येत नाही, नुसती अंगाची लाही होते. काठी असलेल्या दारातून आपल्याकडे कोणी आत जातं का रे? चिमूटभर मीठ हवं असलं तरी बाई काठी बघून मागे फिरते. हा मेला आत शिरला आणि जाताना काठी पुन्हा नीट लावून गेला. परक्याने ती अंगणात भिरकावली असती. म्हणजे हा आपल्यातलाच कोणीतरी. तेव्हापासून दुकानाच्या रांगेत उभी राहून मी एकेकाचं तोंड न्याहाळते. लाज वाटते, पण न्याहाळते.

तुझ्या लेकीचं, अल्बीनाचं लग्न सप्टेंबरात ना? कधी निघू ते कळव. खारवलेली अळंबी आणि दलदलीतली पिवळी बोरं आणते. तुझ्या शहरी व्याह्यांना आवडली तर ठीक, नाही तर तू खा.

ताईवर जीव आहेच तुझा, तो असाच ठेव.
तुझी कापाताई

—

लेनिनग्राड, १९ ऑगस्ट १९८४

ती. कापाताईस व्हेन्याचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र नशिबाने माझ्याच हाती पडलं. तुझ्या भावजयीला, निनेलला, मी काही बोललो नाही. लग्नाच्या गडबडीत तिचा जीव आधीच टांगणीला लागला आहे. यापुढे घरी न लिहिता कारखान्याच्या पत्त्यावर लिहीत जा. आमच्या जिन्यातल्या पत्रपेट्या कार्टी फोडतात.

निकोलाचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, पाठीवर पिशव्या टाकून शहरातली माणसं हल्ली उत्तरेची गावंच्या गावं पालथी घालतात. जुनं दिसेल ते उचलतात. एव्हाना ते चित्र कुठल्या कुठे गेलं असेल. फौजदाराकडे मात्र जाऊ नकोस. उत्कृष्ट कामाबद्दल जिचा फोटो फलकावर लावला आहे, त्या बाईच्या कोपऱ्यात देव कशाला, असं उलट तुलाच विचारतील. आई असती तर म्हणाली असती, की निकोला वाटसरूंचा संत, गेला तरी त्याला वाट ठाऊक आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आता लग्नाचं. नवरदेवाचे वडील प्राध्यापक. त्यांच्या घरात बूट काढायचे म्हणजे मला मोज्याचं भोक लपवायची चिंता. त्यांच्या बैठकीत भिंतभर काचेचं कपाट, त्यात बारीक कपबश्या, आणि आमच्याकडे अजून सासूबाईंची पेटी. निनेल रात्रंदिवस तेच बोलते. लग्न अगदी साधं करणार आहोत, नोंदणी आणि घरातल्या घरात जेवण. त्यासाठी तू वासरं सोडून इतक्या लांब कशाला दगदग करतेस? हिवाळ्यात निवांत ये, मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन. अळंबी पाठव म्हणजे झालं. इतकी मोठी झालीस तरी रुसशील हे मला माहीत आहे, पण जास्त दिवस रुसू नकोस.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नकोस.
तुझा व्हेन्या

—

लुखोमा, ९ सप्टेंबर १९८४

चि. व्हेन्यास आशीर्वाद, आणि अल्बीनाला दुप्पट.

रुसले होते, आता रुसवा संपला. अळंबी विमानाने जाणाऱ्या शाळेच्या बाईंबरोबर पाठवली आहेत. बरणी परत पाठव, तुझ्या शहरात असली काच मिळत नाही.

तू नको म्हणालास तरी मी फौजदाराकडे गेले. त्याने देवाचं काही विचारलं नाही, साधाच प्रश्न विचारला, की त्या दिवसांत गावात कोण होतं? अंथरुणाला खिळलेली दोन म्हातारी माणसं आणि नावाडी प्रोकोपीदादा, मी सांगितलं. विमान उतरतं नदीपल्याड, म्हणून नावाड्याला कुरणावर जाता येत नाही. बाहेरून जो येईल तो त्याच्याच नावेतून येणार. म्हणून फौजदाराने त्याला विचारलं, की कोणाकोणाला अलीकडे आणलंस? तर हा म्हणतो, आठवत नाही! व्हेन्या, कोणत्या वर्षी नदीचा बर्फ कधी फुटला ते सांगणारा माणूस, आणि महिन्यापूर्वीचं आठवत नाही? फौजदाराने पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. हा पायांकडे बघत तेच म्हणत राहिला.

मग मला वेगळं काही समजायची गरज राहिली नाही. गावाच्या सभेत मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, की ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्या नावेत आम्ही पोरंबाळं का बसवायची? हात वर झाले. नाव काढून घेतली, उस्तीन्यामावशीच्या धाकट्याला दिली. प्रोकोपीदादाने टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला. 

मी दाराला कुलूप लावलं आहे. गावातलं पहिलं. उस्तीन्यामावशी दारापर्यंत आली, कुलपाकडे बघितलं आणि मागे फिरली. तोंडावर मारल्यासारखं झालं. पण आता मी माघार घेत नाही.

नव्या जोडप्याचं बरं होवो. फोटो पाठव, आणि आठवण असू दे.
कापाताई

—

लेनिनग्राड, २४ सप्टेंबर १९८४

ती. ताईस नमस्कार.

लग्न पार पडलं. अळंब्यांवर प्राध्यापकसाहेब असे तुटून पडले की विचारू नकोस, बरणी त्यांनी एकट्यानेच फस्त केली. फोटो धुवून आले की पाठवतो.

तू शेवटी फौजदाराकडे गेलीसच. झालं ते झालं. प्रोकोपीदादाबद्दल मी काय बोलू? मला बोलायचंही नाही. पण लहानपणी आईच सांगायची, की दुष्काळाच्या साली खळ्यावरचं धान्याचं पोतं त्यानेच उचललं होतं आणि त्यासाठी वर्षानुवर्षं आत बसून आला होता. माणूस बदलतो म्हणतात. बदलत असेलही. तुला तिथे जास्त दिसतं.

प्रकृती सांभाळ. थंडी सुरू झाली असेल. मला विसरू नकोस.
व्हेन्या

—

लुखोमा, १४ ऑक्टोबर १९८४

चि. व्हेन्यास आशीर्वाद.

हे पत्र लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं. पोत्याची गोष्ट मी विसरले होते असं नाही, पण तू लिहिल्यावर ती डोक्यात जाऊन बसली. प्रोकोपीदादा अंगणात एकाच अस्पेनच्या खोडाची नाव करत होता. दोन वर्षं झाली. खोड कोरायचं, मग आगीवर शेकत शेकत दोन्ही बाजू इंचाइंचाने फाकवायच्या. जरा घाई झाली की चिरते. आपल्याकडे हे जमणारा तो शेवटचाच. गावाची नाव गेल्यावर त्याच्या पोटापाण्याचं साधन म्हणजे तीच, मासे धरायला. नुकतीच ती पुरती फाकवून झाली होती, आडव्या फळ्या तेवढ्या बसवायच्या होत्या.

दुपारची वेळ होती. मी घरून कुऱ्हाड घेतली, त्याच्या अंगणात गेले आणि तळात घाव घातला. मग दुसरा. मग मोजले नाहीत. तो पायरीवर बसून लोकरी बुटाला ठिगळ लावत होता. उठला. वाटलं, आता अंगावर येईल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण आला नाही. कुंपणापाशी बायका जमल्या होत्या, त्यांतली एकही मला धरायला पुढे आली नाही. घाव घालून दमले तेव्हा कुऱ्हाड टाकून मी चालू लागले, तीही तशीच राहिली. संध्याकाळी त्याने ती आणून माझ्या कुंपणाला टेकवून ठेवली.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. आईचं देणं फिटल्यासारखं वाटेल. व्हेन्या, मला तर त्या दिवसापासून दूध काढतानाही हातांकडे बघवत नाही.

दोन दिवसांनी फौजदार आला, मी म्हणाले तसं त्याने लिहून घेतलं आणि मी सही केली, की प्रोकोपीदादाशिवाय दुसरा चोर असूच शकत नाही. प्रोकोपीदादाला तालुक्याला नेलं. एकदा शिक्षा झालेला माणूस, या वेळी सोडणार नाहीत असं सगळे म्हणतात. हिवाळ्यात खटला.

मी बरोबर केलं ना? दोन ओळी लिही. ताईवर माया ठेव, सध्या तिची गरज आहे.
कापा

—

लेनिनग्राड, ११ नोव्हेंबर १९८४

ती. वन्संना निनेलचा नमस्कार.

हे म्हणतात की आभाराचं बोललेलं तुम्हाला आवडत नाही, उगाच काही लिहू नकोस. म्हणून इतके दिवस गप्प राहिले. पण सुट्ट्यांत व्याही घरी आले, विहीणबाईंनी कपाटाचं एकेक दार कौतुकाने उघडून पाहिलं, आणि मी ठरवलं की आता लिहायचंच.

वन्सं, जुलैत हे अर्खांगेल्स्कच्या कामावरून तुमच्याकडे येऊन आले आणि ते गाठोडं उघडून टेबलावर ठेवलं, तेव्हा मी खाली बसले. सासूबाईंचं देवचित्र! ताईने स्वतःच्या हाताने कापडात गुंडाळून दिलं, हे म्हणाले, भाचीच्या लग्नाला उपयोगी पडू दे म्हणाली. यांच्या ओळखीच्या एका माणसाने ते घेतलं आणि त्यातून चेकोस्लोव्हाकियाचं कपाट आलं. भिंतभर, काचेची दारं, आत दिवा लागतो. अल्बीना म्हणते, आत्याचं कपाट.

एक गोष्ट सांगायला शरम वाटते, तरी सांगते. लग्नाच्या आधी मी यांच्याजवळ तुमच्याबद्दल वाईट बोलले होते. वन्संना फक्त स्वतःच्या घराचं पडलेलं आहे, म्हणाले होते. आणि तुम्ही घरातली सगळ्यात मोलाची वस्तू देऊन टाकलीत, वर लग्नालाही आला नाहीत. मला क्षमा करा. तुमच्याइतकं मोठं मन माझं नाही.

एकदा याच. तुमची वाट बघते आहे.
तुमची निनेल

—

लुखोमा, २५ नोव्हेंबर १९८४

व्हेनियामिन,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. निनेलचं पत्र आलं. तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर मी का लिहायचं, पत्रपेट्या कोण फोडतं, ते मला कळलं. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती बिचारी माझी क्षमा मागते आहे. मी कोणत्या तोंडाने देऊ?

काठी नीट लावणारा आपल्यातलाच, हे मी बरोबर ओळखलं होतं. तू आपल्यातला आहेस, एवढंच विसरले. सवयीचा हात आहे तुझा. बाबांच्या घरातून बाहेर पडताना तू काठी लावल्याशिवाय राहिला नसतास. मागितलं असतंस तरी दिलं नसतं, हेही तुला माहीत होतं, म्हणून मी नसताना आलास.

चोरीचं मी एक वेळ गिळलं असतं. आईची वस्तू, तिच्या मुलानेच नेली, असं मनाला समजावलं असतं. पण ते पोतं? ते वाक्य तू कुठे बसून लिहिलंस रे? त्या कपाटासमोर? तुला नदीपार कोणी आणलं आणि कोणी नेलं, हे तुला ठाऊक होतं. तो म्हणाला आठवत नाही, आणि तू म्हणालास माणूस बदलत असेलही.

नववर्षाच्या आत ये. तालुक्याला तपास अधिकाऱ्यासमोर स्वतः उभा राहा. नाही आलास तर मी जाईन.

खरं तर मी आजच जायला हवं होतं. काल कोट घातला, बूट घातले आणि दाराशी बाकावर बसून राहिले. अंधार पडेपर्यंत. एका पारड्यात तू होतास, म्हणून उठवलं नाही. तो तिथे कोठडीत बसला आहे आणि मी इथे पारडी बघते आहे. तुझ्याइतकीच मी नालायक, यात शंका नको.

कापितोलिना

—

लेनिनग्राड, ९ डिसेंबर १९८४

ताई,

तुझ्या पाया पडतो. वाचून होईपर्यंत हे पत्र फाडू नकोस.

मी सांगणारच होतो. लग्न झालं की सांगू, हिवाळ्यात तू आलीस की सांगू, असं रोज ठरवायचो. येताना नावेत प्रोकोपीदादाला म्हटलं होतं, की ताईला सांगू नकोस, तिला चकित करायचं आहे. तो हसला होता. परत जाताना त्याने माझ्या काखेतलं गाठोडं बघितलं. मग हसला नाही. पैसे दिले तर घेतले नाहीत. मला वाटलं होतं की तो पहिल्याच दिवशी बोलेल आणि सगळं मिटेल. तो बोलला नाही, आणि मग मला धीरच आला, देवा शप्पथ, इतका नीच धीर मला आयुष्यात कधी आला नव्हता. ते पोत्याचं वाक्य मी दोनदा खोडलं होतं, तिसऱ्यांदा राहू दिलं.

पण ताई, विचार कर. ज्याने चित्र घेतलं तो माणूस ते परदेशी लोकांना देतो. हे उघड झालं तर नुसती घरातली चोरी राहत नाही. मी वर्षानुवर्षं आत जाईन. अल्बीनाच्या सासरी आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तिला दिवस गेले आहेत. निनेलला काही माहीत नाही, ती रोज त्या काचा पुसते. प्रोकोपीदादा एकटा माणूस, मागे बायको नाही, पोरं नाहीत, त्याला तिथली सवय आहे. हे लिहिताना मला माझीच किळस येते, तरी लिहितो. त्याला नवी नाव मी घेऊन देईन, मोटरची. तो सुटून आल्यावर.

माझ्याने येववत नाही. तूही जाऊ नकोस. मी तुझ्या हातचं खाऊन मोठा झालो, ते आठव.
व्हेन्या

—

लुखोमा, २३ जानेवारी १९८५

चि. व्हेन्यास,

नववर्ष झालं, तू आला नाहीस, मी गेले. दुधाच्या ट्रकमधून गेले, गोठलेल्या नदीवरून. तपास अधिकाऱ्याला निनेलचं पत्र दाखवलं नाही, तिला यात ओढायचं नव्हतं. तोंडानेच सांगितलं. माझ्या सहीचा कागद त्याने समोर ठेवला आणि विचारलं, की बाई, मग हे काय? मी म्हटलं, हे मी रागात केलेलं पाप. तो म्हणाला, पापाचं आमच्याकडे खातं नाही. मग पुष्कळ बोलला, मी ऐकून घेतलं. तुला बोलावणं येईल. माझ्यावरही काही होईल बहुतेक.

गावात मी सभेची वाट बघितली नाही. दुकानाच्या रांगेत उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, की चोर माझा भाऊ, आणि प्रोकोपीदादाची नाव मी फोडली ती उगाच फोडली.  मग उस्तीन्यामावशीची थोरली सून म्हणाली, की सख्ख्या भावाला असं पकडून देणारी बहीण आम्ही पहिल्यांदाच पाहिली. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात माझ्याशेजारी कोणी बसत नाही. सभेत हात वर करणाऱ्याही याच, कुंपणापाशी उभ्या राहिलेल्याही याच. पण मी त्यांना काय म्हणू? पहिला हात माझा होता.

प्रोकोपीदादा कडाक्याच्या थंडीत परत आला. बारीक झाला आहे, खोकतो. संध्याकाळी मी गेले. तो चूल पेटवत होता. मी दाराशीच गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, ऊठ, जमीन गार आहे. उठले. बाकावर बसले. त्याने चहा ओतला आणि माझ्यासमोर ठेवला.

मग मी विचारलं, की दादा, तू बोलला का नाहीस? तुझी नाव गेली, इज्जत गेली, तुरुंगाच्या दारात जाऊन बसलास, एकाचं नाव सांगितलं असतंस तर सुटला असतास. तो म्हणाला, की जो एकदा आत राहून आला आहे तो दुसऱ्याचं नाव फौजदाराला सांगत नाही. मेला तरी नाही. तिथे काय असतं ते त्याला माहीत असतं. हे मी समजू शकले. मला वाटलं, एवढंच आहे, आणि मी उठायला लागले.

तेव्हा तो चुलीकडेच बघत म्हणाला, की पण तुला सांगितलं असतं, कापा. तू त्याची बहीण, तुमच्या घरातली गोष्ट, तुला कळायलाच हवी होती. चोरीचं कानावर आलं त्या दिवसापासून मी रोज वाट बघत होतो, की कापा येईल, विचारेल, आणि मी सांगेन. तू फौजदाराला विचारलंस, सभेला विचारलंस, दुकानाच्या रांगेला विचारलंस. मला एकदाही विचारलं नाहीस. मग एका दुपारी तू अंगणात येताना दिसलीस. मला वाटलं, आली एकदाची विचारायला. मी सांगायला उठलो, तर तुझ्या हातात कुऱ्हाड होती.

 

बोलावणं आलं की खोटं बोलू नकोस, आणि गरम कपडे घालून जा. लोकरीचे मोजे विणले आहेत, दोन जोड, ते आज पाठवते. निनेलला मी स्वतः लिहीन. तुझ्यावर राग आहे आणि तो जाणार नाही, पण भाऊ म्हणायचं मी सोडलेलं नाही.

तुझी ताई
कापा